बर्नी गेल्यावर

सतराव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर
इन्स्पेक्टर बर्नीनं गुडघा चोळला,
ओळखपत्र टेबलावर ठेवलं
आणि गेला. मला न सांगता.

डंडीच्या वाचनालयातली आयलीन म्हणाली,
"दुसरे आहेत की," आणि काउंटरवर
तीन जाडजूड पुस्तकं मांडली,
सांगून आलेल्या स्थळांसारखी.

पहिल्याचा मुडदा पहिल्याच ओळीत.
एवढी घाई?
माणूस अजून ओळखीचा नाही,
त्याच्या मरणाचं मी काय करू?

दुसऱ्याचा डिटेक्टिव्ह पितो, रडतो,
बायकोला फोन लावतो, पुन्हा पितो.
खून बिचारा कोपऱ्यात ताटकळत उभा.

तिसरं कुणा बाईचं. आडनाव उच्चारता येईना.
बस टे नदीच्या पुलावर चढली तेव्हा
नुसतं चाळायला म्हणून उघडलं:

एक म्हातारी रोज सकाळी दोन कप मांडते
आणि एकच विसळते.

न्यूपोर्टचा माझा स्टॉप मागे गेला.
पुढच्यावर उतरून उलटी चालत आले,
कडाक्याच्या वाऱ्यात, हातमोजा काढून,
बोट सत्ताविसाव्या पानात.

बर्नी, गुडघा सांभाळ रे.
मला त्या दुसऱ्या कपाचं बघायचंय.