जिन्यातला दिवा

दीपनगरची धुराडी आमच्या गच्चीवरून दिसतात.
वीज तिथं होते, जवळजवळ हाकेवर,
आणि बी विंगच्या जिन्यात
माणूस पायानं पायरी चाचपत चढतो.
भुसावळात राहून हे असं.

यंदा खजिनदार मी.
दुसऱ्या कुणी हात वर केला नाही म्हणून.

सभा गच्चीत भरली, खालच्या खोलीतली ट्यूब गेलेली.
नेहेते वहिनी म्हणाल्या, पांढरा नको,
पांढऱ्यात सगळे पेशंट दिसतात.
वारके म्हणाले, पिवळा नको,
पिवळ्यात जाळी दिसत नाहीत, झाडणाऱ्याचं फावतं.
नऊ वॅट की बारा, यात साडेदहा वाजले.
शेवटी ठरला सेन्सर:
माणूस आला की लागेल, गेला की विझेल,
बिल निम्मं.
टाळ्या.

गुलशेर तडवी शिडी खांद्यावर टाकून आला.
जुन्या झाकणांतून ओंजळभर मेलेली पाखरं निघाली.
त्यानं झाकणंही पुसून दिली,
त्याचे पैसे लावले नाहीत.

आठ दिवस बरे गेले.
दिवा पालीसाठी लागायचा, मांजरीसाठी लागायचा,
फालक अण्णांसाठीही लागायचा,
पण तो मोजायचा तीस सेकंद
आणि अण्णांचा एक मजला म्हणजे
दोनदा कठडा, एकदा दम, मग खोकला.

पाण्याची टाकी बघायला वर निघालो होतो.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, अंधारात, अण्णा.
भाजीची पिशवी कठड्याला टांगलेली
आणि उजवा हात डोक्याच्या वर
सावकाश इकडून तिकडे,
इकडून तिकडे.
एकतीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यातून
कंदील दाखवला, तसा.

माझ्या पावलांनी दिवा लागला.
त्यांनी हात खाली घेतला, पिशवी उचलली.
"काही नही भो," म्हणाले,
"सिग्नल भेटत नही."

दुसऱ्या दिवशी तडवीनं सेन्सरच्या पोटातला
मुगाएवढा स्क्रू फिरवला. तीन मिनिटं.
"अजून?"
पाच.
सभेला विचारलं नाही.
वहीत लिहिलं: देखभाल, सत्तर रुपये.
बिल वाढलं की वारके विचारतील,
तेव्हा काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.

रात्री नवाच्या सुमारास
दाराखालच्या फटीतून उजेड आत येतो.
पावलं. खोकला. पावलं.
वर अण्णांची कडी वाजते.
त्यानंतरही थोडा वेळ
रिकाम्या जिन्यात दिवा जळत राहतो,
तेवढ्यात पालीचं जेवण उरकतं.