निळा कुठे गेला

पेकालोंगानच्या नदीला वार कळतात:
मंगळवारी लाल, शुक्रवारी निळी,
कढईत जो रंग उकळेल तो.

सुमिराहच्या भाचीनं छपरावर बरणी ठेवली.
नाल्याचं पाणी, आणि त्यात
कोळंबीच्या टरफलांपासून केलेली
पापडासारखी पातळ चकती.
"आता फक्त ऊन हवं," म्हणाली.

असरच्या बांगेपर्यंत
बरणीपलीकडची मांजर दिसू लागली,
मिशांसकट.

सुमिराहनं बरणी हलवली, हुंगली.
"माझा निळा कुठे गेला?"

"उन्हानं फोडला, मावशी. कण न् कण."

तीस वर्षं ती कापड सावलीत वाळवत आली,
ऊन रंग खातं म्हणून.

मांजर उठून गेली.
नखांत मुरलेला निळा घेऊन
ती बराच वेळ
उन्हात हात पसरून बसली.