मुरडशेंग, प्लॉट नंबर सत्तेचाळीस

एकतीस वर्षं मेडिकलच्या वॉर्डात
दर चार तासांनी
कुणाची ना कुणाची नाडी, सलाईन, पाणी.
रिटायर झाले त्याच दिवशी ठरवलं :
आता ज्याला माझी गरज नाही
असंच काहीतरी लावायचं.

बुधवार बाजारातल्या जडीबुटीवाल्याकडून
पोटदुखीसाठी आणलेल्या शेंगा होत्या डब्यात,
पिळून वाळत घातल्यासारख्या.
गरम पाण्यात भिजवून एकोणीस बिया टोचल्या.
दोन उगवल्या.

मोटघरे कुंपणावरून म्हणाले,
"काहून लावलं जी मॅडम हे जंगलातलं?
अख्ख्या बेसा रोडला लॉन आहे."
त्यांचं लॉन टँकर पिऊन पिऊन
नवतप्यात पिवळं पडलं,
लाडावलेल्या पेशंटसारखं.
माझी दोन झुडपं पानं गाळून उभी राहिली.
मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही.
(खोटं. एकदा कूलरचं उरलेलं पाणी टाकलं.)

तिसऱ्या वर्षी, पोळ्याच्या आसपास,
विटकरी फुलं,
दुसऱ्या दिवशी राखाडी-निळी पडणारी,
आणि एक शिंजीर,
वाकड्या फुलात वाकडी चोच
पहिल्याच फटक्यात घालणारा.
मला शीर सापडायला
कधीकधी तीनदा टोचावं लागायचं.

मग एका पानाची कड
कुणीतरी कापून, दुमडून,
रेशमानं टाचलेली.
आत अळी.
कात्री आणायला उठले होते.
नाही आणली.

पहाटे चारला जाग येतेच अजून.
टॉर्च घेऊन अंगणात जाते.
पान उघडत नाही,
नुसतं बघते
पांघरूण सरकलं तर नाही.