चकत्या

कॉलेजच्या मागच्या खोलीत यल्लाप्पा मन्नोळकर
मणके ओवत बसायचे, खालून वर.
आधी माकडहाड. मग पाचांचं एक झालेलं त्रिकास्थी.
मग कमरेचे पाच, थोराड,
बरगड्या धरून राहणारे बारा,
आणि मानेचे सात.
"जिराफालाबी सातच, बाई. मोजून आलंय कोणतरी."

सगळ्यात वरचा अंगठीसारखा, बोटात घालावा असा.
"ह्याच्यावर डोकं हौदु म्हणतंय,
आन् ह्या दुसऱ्यावर फिरून इल्ला."
परीक्षेत तेवढंच मी न चुकता लिहिलं, इंग्रजीत,
लिहिताना मान दोन्ही तऱ्हांनी हलवून बघितली.

चकत्या मेल्यावर उरत नाहीत.
म्हणून ते जुनी स्लीपर कापायचे,
निळी, टाचेकडे झिजलेली, स्वतःचीच.
"हाडावर हाड ठेवलं तर खातंय एकमेकाला.
मधे मऊ कायतरी लागतंयच की."
आतून पायजम्याची नाडी,
कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपवलेली,
तिथून पुढं नुसते उसवलेले धागे, घोड्याची शेपटी.
त्यातला एक ओढून ते बाजूच्या भोकातून बाहेर काढायचे:
"हा पायाला जातोय. हाच ठणकतोय."

एकदा नव्या पेटीतला एक मणका
त्यांनी खूप वेळ हातात धरला.
पुढून पाचरीसारखा चेपलेला,
कडेनं हाड चोचीगत वाढलेलं.
"रविवार पेठेतला असणार. बटाट्याची पोती."
पेटीवर नाव नसतं, नंबर असतो.
त्या दिवशी त्यांनी ओवलं नाही, चहाही घेतला नाही.

वडील हमाल, हे मला नंतर कळलं.
वडगावच्या त्यांच्या दाराच्या चौकटीवर
कोळशाच्या दोन रेघा होत्या:
बाबा सकाळी, बाबा रात्री.
मधे बोटाएवढी जागा.
ती कुठं जाते, हे कोडं
यल्लाप्पांना चाळिसाव्या वर्षी सुटलं,
वर्गाच्या दाराशी फडकं घेऊन उभे असताना:
ओझ्याखाली चकतीतलं पाणी दबून जातं,
निजल्यावर परत भरतं.

आता खानापुरात माझ्या बाकावर
कौलाच्या कारखान्यातल्या बाया बसतात,
कमरेवर हात, पदराला लाल माती.
उंची मोजायची म्हटलं की मी सांगते,
उद्या या, उठल्या उठल्या,
अंगावर काही घ्यायच्या आत.
रुद्रव्वा हसली. "सकाळी काय मी दुसरी असतोय?"
मी मान हलवली.
पहिल्या मणक्यावर.