इरजन

बोंद्रेची बंद खोली दोघी जनींनी घेतली
तवा चैत सरत होता.
एकीचं डोकं पार सफाचट,
दुसरी पंपाच्या मोटारी भरते.

आमच्या गल्लीत दारं सगळी निळी,
सडा पाचाले,
अन् कोनाच्या गंजात काय शिजते
ते उतरायच्या आंधी शेवटच्या घरी ठाऊक.
त्यायनं दार पिवळं केलं,
अंबाडीच्या फुलावानी.

पंचफुला म्हने, बहिनी असतीन.
गयाबाई म्हने, बहिनी असत्या
तं आतापावतर भांडल्या नसत्या काय?
मीबी हासली.

मंग एका सांजी ती सफाचटवाली दारात,
हातात वाटी.
"काकू, विरजण मिळेल? आमचं नासलं."

दिवा लागल्यावर दही घराबाहेर जात नाई.
सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं.
अठ्ठावीस वर्सं
सख्ख्या जावेलेबी मी देल्लं नाई.

ती उभीच.
टाळूवर केसाचे बारीक कोंब,
जळल्या धुऱ्यावर गवत निंगते तसे.
सामोरच्या खिडकीतून गयाबाई पाहून राह्यली.

चमचाभर टाकलं.
मंग अजून अर्धा.
"दूध कोमट पाह्यजे," मी म्हटलं, मोठ्यानं,
खिडकीले आयकू जाईन असं,
"अन् रातभर हालवू नोको."

सकाळी वाटी वापस आली. रिकामी नाई,
मूठभर चारं होते तिच्यात.

दुपारी गयाबाई आली,
पदराखाली मिक्सर.
"जळला वाटते," म्हने.
"ते मोटारवाली
या टायमाले घरी राह्यते काय वं?"