प्रॉम्प्टर

एकवीस हंगाम मी विंगेत बसलो,
मांडीवर वही, वहीवर टॉर्च.
राजा विसरला की राजाच्या आधी मी बोलायचो,
सून रडायच्या आधी माझा कंठ दाटायचा.
कोसंबीपासून कुरखेड्यापर्यंत
माझी वाक्यं सगळ्यांनी ऐकली,
माझ्या तोंडून कोणीच नाही.

मे महिन्यात कंपनी बंद.
सरपंचबाई म्हणाल्या, "पोरं मोबाईलात मान घालून बसतात,
घ्या त्यांचं काहीतरी दहा दिवस."
जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या, एक पंखा,
तोही अडखळत बोलणारा.

पोरं नऊला यायची,
पहाटे चारपासून जंगलात तेंदूपत्ता तोडून.
बोटं काळी, डोळ्यांत झोप.
नाव विचारलं तर शेजारच्याकडे बघायची,
जणू नाव त्याच्याकडे ठेवायला दिलंय.

करिष्मा नन्नावरे. दहावीचा निकाल यायचा होता.
आवाज इतका बारीक
की ओठ हलले म्हणून वाटलं, बोलली असावी.
"मले झाड द्या सर. झाडाले बोलावं नाई लागत."
दिलं झाड.

मी शिकवलं काय? खरं सांगतो, फारसं नाही.
श्वास पोटातून घ्या, म्हटलं.
शेवटचा शब्द गिळू नका; आपल्या वाक्याचं शेपूट
नेहमी लाजून घरात शिरतं.
मैदानापलीकडे, हातपंपापाशी एकाला उभं करायचो:
ऐकू आलं तर हात वर.
तीन दिवस तिकडे हात वर गेला नाही.
चौथ्या दिवशी गुलशन मेश्रामनं शिवी हासडली,
तेव्हा गेला.
मी रागावलो नाही. सुरुवात कशानंही होते.

आठव्या दिवशी झाड म्हणालं,
"सर, कुऱ्हाड येते तवा मी गप कशी राहू?"
वहीत नव्हतं ते वाक्य.
मी लिहून घेतलं.

प्रयोग म्हणाल तर यथातथाच.
मध्येच लाईन गेली,
गुलशनची मिशी त्याच्याच तोंडात,
राजा माझ्याकडे बघून थबकला, मी वाक्य दिलं,
तर माझं "पुढे बोल ना बाप्पा" हेही त्यानं मोठ्यानं म्हटलं.
गाव पोट धरून हसलं.
झाडाचं वाक्य त्या हशात वाहून गेलं.

मग चार दिवसांनी, फळीवर.
संध्याकाळ. पुडक्यांच्या रांगा मातीवर,
मुन्शी चालता चालता मोजणारा,
करिष्माच्या आईचे एकशे ऐंशी म्हणून पुढे सरकला.
आई पदर चावत गप्प. बाकीच्या बायाही.

"दोनशे दहा हायेत. फिरून मोजा."

ओरडली नाही ती. पोटातून आलं,
शेवटचा शब्द शाबूत,
थेट ट्रकपलीकडे बिडी ओढणाऱ्या ड्रायव्हरपर्यंत.
त्यानं मान वर केली.
मी सायकल धरून उभा होतो.
ओठ हलले माझे, सवयीनं,
पण द्यायला वाक्यच नव्हतं.

मुन्शी मुकाट वाकला. एकेक करत
दोनशे सात निघाले.
"तीन माहे चुकले," ती म्हणाली,
तेवढ्याच आवाजात.

कंपनीच्या मालकाकडे माझी दोन हंगामांची बाकी आहे.
आज सकाळी शाळेत कोणी नव्हतं.
मैदानाच्या या टोकाला उभा राहिलो,
श्वास घेतला, पोटातून,
आणि "मालक" म्हणालो.
हातपंपावरची चिमणी जागची हलली नाही.
पुन्हा म्हणालो.