कुलपाचा कान

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, सतरा नंबर शेडच्या मागे,
सूत ठेवायच्या खोलीत आमचा सर्व्हर आहे.
कूलरचं तोंड त्याच्याकडे. माणसांना उरलेला वारा.
एप्रिलात पारा चव्वेचाळीसला टेकला
की गुंडेटी मामा खिडकीला ओला टॉवेल बांधतात,
आपलाच माल, किनार चुकली म्हणून परत आलेला.

मामांकडे सहा पासवर्ड होते.
हजेरीचा, सूतसाठ्याचा, रंगखात्याचा,
ऑर्डरींचा, गेटपासचा,
आणि एक कशाचा ते त्यांनाही आठवत नव्हतं.
सगळे कॅलेंडरमागे, पेन्सिलीने,
गड्ड्याच्या तारखांच्या उलट्या बाजूला, तेलुगू अक्षरांत.
म्हणून आमच्याकडे जानेवारी कुणी फाडत नाही.

मी म्हणाले, आता एकदाच लॉगिन करायचं, मामा.
"म्हंजे एकच कुलूप?"
कुलपं सहाच. किल्ली एक.
ते हसले. "किल्लीला आमच्यात काय म्हणतात ठाऊक आहे का, महानंदा मॅडम?
ताळम् चेवी.
कुलपाचा कान."

मग आठ रात्री मी कानाशी बोलत बसले.

वेशीवर ओळख विचारणारा एकच बसवला.
बाकीच्या दारांना सांगितलं,
तुम्ही काही विचारू नका, याची सही तेवढी ओळखा,
येईल त्याला याच्याकडे धाडा,
हा परत धाडेल त्याला आत घ्या.
परतीचा पत्ता मात्र आधी लिहून द्यावा लागतो,
अक्षरन् अक्षर.
माझ्याकडून शेवटची तिरकी रेघ राहिली.
दोन रात्री गेल्या त्या रेघेपायी.
अनोळखी पत्ता, अनोळखी पत्ता, म्हणत तो
माझं मलाच परत पाठवत राहिला.

पाचव्या रात्री पत्ता खरा, सही खरी,
तरी रंगखातं ऐकेना.
म्हणे, ही चिठ्ठी अजून लिहिलीच गेलेली नाही.

घड्याळ!
रंगखात्याची जुनी मशीन चार मिनिटं मागे चालत होती.
चार मिनिटांनंतर लिहिली जाणारी चिठ्ठी
आत्ताच हातात पडली तर
कुणीही दार लावूनच घेईल.

मामा चहा घेऊन उभे. रात्रपाळी त्यांचीच.
"मिलचा भोंगा होता तेव्हा हे असलं नव्हतं.
भोंगा झाला की अख्खं गाव काटे फिरवायचं.
आमची आई विडीचं सूप खाली ठेवून
आधी घड्याळ, मग चूल.
भोंगा गेला. तेव्हापासून ज्याचं त्याचं घड्याळ."

मी सगळ्या मशीनची तोंडं एका घड्याळाकडे वळवली.
रंगखातं उघडलं.
पहाटेचे तीन. ऐकायला कुणी नव्हतं,
भिंतीपलीकडे माग आपले खटाखट, खटाखट.
"भोंगा झाला," मी स्वतःशीच म्हणाले.

मे महिन्याच्या शेवटी मामा निवृत्त झाले.
शाल झाली, नारळ झाला, मालकांचं लांबलेलं भाषण झालं.

पूर्वी माणूस गेला तरी कुठल्यातरी खात्यात राहायचा.
इरण्णा वारल्यावर तीन वर्षं
गेटपासची मशीन म्हणायची, या इरण्णा, स्वागत आहे.
कुणाच्या जिवावर येत होतं ते पुसायला?
खरं तर कुणाला पासवर्ड माहीत नव्हता.
आता एक खूण काढायची,
सहाही दारं एकदम.
हेच मला हवं होतं. याचसाठी आठ रात्री.

मामांची रिक्षा गेटबाहेर वळेपर्यंत थांबले.
वळल्यावरही थोडा वेळ.
मग दाबलं.
एक सेकंदही लागला नाही.

एक दार मी मुद्दाम जोडलेलं नाही.
वेशीवरचाच कधी आडवा झाला
तर आत शिरायला काहीतरी लागतं,
म्हणून सूतसाठ्याला एक जुन्या पद्धतीचं खातं ठेवलं.
वीस अक्षरं, कुणाच्याही लक्षात न राहणारी.
कुठे लिहू?

जानेवारी उलटला.
मामांच्या अक्षरांखाली
एका ओळीपुरती जागा होती.
पेन्सिल तिथेच, दोऱ्याला बांधलेली.